सिंगल फेज

शाहूपुरी, कोल्हापूर
८ डिसेंबर १९९६

चि. अवंतिका,

आशीर्वाद. सध्या तुला ते बरेच लागणार आहेत, म्हणून पत्राच्या सुरुवातीलाच देऊन टाकतो.

परवा तुझ्या बाबांचा फोन आला. मागे लूम धडधडत होते, त्यामुळे माणूस ओरडूनच बोलत होता. म्हणाले, "दादा, आता तुम्हीच काय ते सांगा. पोरगी पुण्याला जायाचं म्हणतीया, गाणं शिकायला. मला त्यातलं काय कळतंय? तुम्ही व्हय म्हणला तर धाडतो. न्हाय म्हणला तर उन्हाळ्यात लगीन उरकून टाकतो." मी म्हटलं, बरं. बहिणीचा नवरा पहिल्यांदाच काहीतरी शहाण्यासारखं बोलला.

तर आता तुझा निकाल माझ्याकडे आहे. मी भाचीबिची बघत नाही, हे तुला माहीत आहे. आमच्या संगीत मंडळात नव्या गायिका निवडायला मीच बसतो. माझ्यासमोरून कितीतरी पोरी रडत गेल्या आणि पुढे संसाराला लागून सुखी झाल्या. त्यांतल्या काही अजून रस्त्यात भेटल्या की वाकून नमस्कार करतात.

एक गाणं नीट रेकॉर्ड करून पाठव. ऐकायला आता माझ्याकडे चांगली सोय आहे. आमच्या चिरंजीवांनी, राजसने, मस्कतहून रिसीव्हर, कॅसेटचा डेक आणि दोन मोठे स्पीकर पाठवलेत. स्पीकर मामीच्या खांद्याला लागतील एवढे. सोबत जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, ते मी उघडलंसुद्धा नाही. उभा जन्म विजेच्या खात्यात गेला, दोन डब्यांना चार वायरी जोडायला मला पुस्तक कशाला लागतंय! दुपारच्या झोपेआधी जोडून मोकळा झालो.

आईला आशीर्वाद.

दादामामा


इचलकरंजी
१९ डिसेंबर १९९६

ती. दादामामा,

नमस्कार. कॅसेट आईबरोबर पाठवते आहे. ती शुक्रवारी अंबाबाईला येणार आहे, तेव्हा घरी येईल.

आमच्या घरात रेकॉर्डिंग होणं शक्यच नव्हतं. शेडची आणि माझ्या खोलीची भिंत एकच. पाळी बदलताना लूम थांबतात तेवढीच शांतता, आणि तेवढ्यात तंबोरासुद्धा लागत नाही. म्हणून रविवारी सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये बसलो. फिजिक्सच्या सरांनी त्यांचा टेपरेकॉर्डर आणला, एकच माइक होता, तो माझ्या आणि तबल्याच्या मधे ठेवला. तबल्याला माझी मैत्रीण निशा. राग मालकंस. खर्जातलं मुद्दाम जास्त घेतलंय, कारण मला तिथेच सगळ्यात मोकळं वाटतं.

मामा, पुण्याच्या बाईंनी मला मिरजेला एकदाच ऐकलं आणि म्हणाल्या, ये. त्यांच्याकडे एकीचीच जागा आहे. जानेवारी संपेपर्यंत माझी वाट बघतील, मग दुसरीला घेतील. बाबा त्यांचं ऐकत नाहीत. म्हणतात, ती बाई परकी, तिला फी पाहिजे, मामा आपला माणूस आहे. म्हणून सगळं तुमच्यावर आहे. मला काही वशिला नको. फक्त नीट ऐका, एवढंच मागते.

मामींना नमस्कार.

तुमची
अवंतिका


शाहूपुरी, कोल्हापूर
२ जानेवारी १९९७

चि. अवंतिका,

कॅसेट ऐकली. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी, आणि न्याय पुरा व्हावा म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तू मालकंस गायलीस, निदान कॅसेटवर तसं लिहिलंय. वरच्या सुरात ठीक आहेस. पण आवाजाला बूड नाही, पोरी. खर्जात उतरलीस की आवाज जातो कुठे? नुसती हवा ऐकू येते. मी खुर्ची पुढे ओढली, मागे नेली, दिवाणावर आडवा होऊन ऐकलं, तरी आवाज कुठून येतोय तेच कळेना. कपाटामागून येतोय का मोरीतून? गाणारी समोर बसलेली दिसायला पाहिजे. तू सगळ्या खोलीभर सांडली आहेस. आणि ती निशा! तिच्या डग्ग्याचा तर घुमाराच नाही. डग्गा वाजवायला मनगटात जोर लागतो, मेंदी काढायचे हात घेऊन बसत नाहीत तिथे.

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "गोड गातीय की हो पोरगी!" तुझ्या मामीला दूधवाल्याच्या सायकलची घंटासुद्धा गोड वाटते.

तुला वाईट वाटेल. वाटू दे. पुण्याला जाऊन चार वर्षांनी तिथल्या बाईने हेच सांगितलं असतं, आणि तोवर तू घोडनवरी झाली असतीस. मंडळात मी परक्या पोरींना "अजून मेहनत घ्या" म्हणून वाटेला लावतो. तुला खरं सांगतोय, कारण तू घरची. गाणं देवापुढे म्हण, हळदीकुंकवाला म्हण, पुढे पाळण्यापाशी म्हण. त्याला बूड लागत नाही.

तुझ्या बाबांना काल फोन करून सांगितलं. हलके झाले बिचारे.

दादामामा


इचलकरंजी
८ जानेवारी १९९७

ती. दादामामा,

नमस्कार. तुमचं पत्र यायच्या आधीच बाबांनी जेवताना सांगितलं. ताटातलं तसंच ठेवून मी उठले. आईने ताटं उचलायला घेतली. तुम्ही बोलल्यावर ती कधीच बोलत नाही.

मी तीन दिवस गायले नाही. मग तुमचं पत्र फिजिक्सच्या सरांना दाखवलं. रागावू नका, दाखवलं. त्यांच्याकडच्या टेपवर निशाचा डग्गा भिंत हलावी असा ऐकू येतो आणि माझा खर्जही स्वच्छ येतो. ते म्हणाले, खर्ज नाही, डग्गा नाही आणि आवाज कुठून येतो ते कळत नाही, ही तिन्ही लक्षणं एकाच दुखण्याची आहेत. तुमचे दोन स्पीकर एका फेजमध्ये नसावेत. एका स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या असतील. फक्त त्या एकाच्याच लाल आणि काळ्या वायरीची अदलाबदल करून बघा. दोन्हींच्या नको, नाहीतर पुन्हा तेच होईल.

मामा, दहा मिनिटांचं काम आहे. एवढं करून पुन्हा एकदा ऐका. त्यानंतर तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही, आईची शपथ. महिना संपेपर्यंत पुण्याची जागा आहे. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नको आहे.

अवंतिका


शाहूपुरी, कोल्हापूर
१३ जानेवारी १९९७

चि. अवंतिका,

फेज! अगं, फेज हा शब्द तू कुणाला शिकवतेस? कोल्हापुरातल्या अर्ध्या पेठांना फेज मी दिली आहे.

तुला तो शब्द कुठून माहीत ते सांगतो. तुमच्या शेडमध्ये थ्री फेज येते. एखादी फेज उडाली की मोटारी जळतात, तुझे बाबा कपाळाला हात लावतात आणि गल्लीभर "फेज गेली, फेज गेली" सुरू होतं. माझं घर आहे हे, पॉवरलूमची शेड नव्हे. इथे सिंगल फेज आहे. पहिल्यापासून एकच आहे. एकाच फेजवर दोन्ही स्पीकर आहेत, तर ते वेगळ्या फेजमध्ये जातील कसे? तुझ्या त्या सरांना म्हणावं, आधी खांबावर चढून बघा, मग फळ्यावर लिहा.

आणि उलटं-सुलटं बॅटरीला असतं. बल्ब कसाही फिरव, पेटतो. पंख्याच्या वायरींची अदलाबदल कर, वारा तेवढाच. स्पीकरला तेच. लाल काय, काळी काय, दोन्ही तांबंच. माझ्या स्वतःच्या कॅसेटीही जरा पोकळ वाजतात, पण त्या जुन्या झाल्यात हे मला समजतं. मी म्हणून वायरींना दोष देत बसत नाही.

गळ्यात नसलं की माणूस वायरीत शोधायला लागतो. इतक्या लहान वयात ही खोड बरी नव्हे. माझ्या चुका काढायला परक्या मास्तरला पत्र दाखवलंस, ते तर मला मुळीच आवडलेलं नाही. तुझ्या बाबांच्या कानावर घालतो.

विषय संपला. हे पत्र आत्ताच पेटीत टाकायला निघालो आहे.

दादामामा


शाहूपुरी, कोल्हापूर
२४ मार्च १९९७

चि. अवंतिका,

अनेक आशीर्वाद. कागलचं स्थळ पक्कं झालं. मी सुचवलं होतं हे तुला आईने सांगितलं असेलच. मुलगा सयाजी सरळ आहे, खाली मान घालून बोलतो. त्यांचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा आहे. लग्न, जत्रा, गणपती, निवडणूक, बाराही महिने काम. तुझ्या बाबांना मी म्हटलं, पोरीला आवाजाची हौस आहे ना, मग या घरात आवाजाला काही तोटा नाही. फोनवर किती वेळ हसत होते.

पुण्याची जागा दुसऱ्या मुलीला गेली असं ऐकलं. आता तो विषय काढून आईला रडवू नकोस. मामीने तुझ्यासाठी पैठणी घेतली आहे, जांभळी. मी मनगटी घड्याळ देणार आहे. रागावून बोललो असेन कधी, मनात ठेवू नकोस. शेवटी तू आमच्या लीलाची एकुलती एक मुलगी.

तुझी कॅसेट माझ्याकडेच राहू दे. तुला आता तिचा काय उपयोग?

दादामामा


इचलकरंजी
२ एप्रिल १९९७

ती. दादामामा,

पत्र पोचलं. कॅसेट ठेवा. जांभळा रंग मला चालेल.

अवंतिका


कागल
३ ऑगस्ट १९९८

दादामामा,

लग्नानंतरचं हे माझं पहिलं पत्र. ख्यालीखुशाली आईकडून कळतच असेल. मी हे तुम्हाला दुखवायला लिहिते आहे. सरळ सांगितलेलं बरं, म्हणजे मधेच वाचायचं थांबवावंसं वाटलं तर थांबवता येईल. तुम्ही थांबणार नाही, हे मला माहीत आहे.

गणपती जवळ आले. अंगणात स्पीकरची चळत लागली आहे. पोती झाडायची, डबे पुसायचे, वायरी तपासायच्या. घरातले पुरुष मंडपाच्या बांबूंमागे असतात, म्हणून वायरींचं काम माझ्याकडे आलं. गेल्या वर्षी पहिल्यांदाच मी एक जोडी लावली आणि सासरे लांबूनच ओरडले, "अगं ए, त्यो डावा उलटा जोडलायस की! फेज मारलीस त्येची! बघ, ढोल गेला का न्हाय गावाला?" त्यांनी येऊन एका डब्याच्या दोन वायरी इकडच्या तिकडे केल्या, आणि ढोल परत आला. माझ्या पोटात आला. मी त्याच वायरी पुन्हा उलट्या करून ऐकल्या, पुन्हा सरळ करून ऐकल्या. त्यांना वाटलं, मी खेळतेय.

त्या दिवशी सगळं कळलं मला. सर म्हणाले होते ते फक्त ऐकलेलं होतं, आता कानांनी बघितलं. एका स्पीकरचा पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढत असतो. बारीक आवाज कसाबसा निसटतो, पण जाड आवाज, खर्ज, डग्गा, सगळा दोघांच्या ओढाताणीत मधल्यामधे मरतो. तुम्ही लिहिलंत ना, आवाजाला बूड नाही? बूड होतं मामा. ते तुमच्या दिवाणखान्यात, तुमच्या दोन स्पीकरांच्या मधे मेलं.

तर आता मी सांगते तसं करा. तुम्हाला मास्तर नको असतो, मामी समोर असली तरी चालत नाही, म्हणून एकटे असताना करा. आधी रिसीव्हरचा प्लग काढा. रिसीव्हरच्या पाठीवर प्रत्येक स्पीकरसाठी एक लाल आणि एक काळं टोक आहे. स्पीकरच्या पाठीवरही तसंच. वायरीच्या दोन पदरांपैकी एकावर बारीक रेघ असते, बोट फिरवलं तर लागते. तो पदर इकडेही लालला आणि तिकडेही लालला. दुसरा दोन्हीकडे काळ्याला. मग दुसरा स्पीकर, अगदी तसाच. टोकं सोलल्यावर तांब्याचे केस पिळून घ्या, एखादा बाहेर राहून शेजारच्या टोकाला चिकटला तर रिसीव्हर जळेल, आणि मला तो शाबूत हवा आहे. झालं एवढंच. तुमची सिंगल फेज जागच्या जागी राहते, तिला कुणी हात लावत नाही.

मग माझी कॅसेट लावा. दोन स्पीकरांच्या बरोबर मधे खुर्ची ठेवा आणि बसा. मी समोर दिसेन. खर्जात उतरेन तेव्हा तुमच्या खुर्चीच्या पायात कळेल. निशाच्या मेंदीच्या हातांचा डग्गा ऐका. तुम्ही चांगले ऐकणारे आहात, ही तेवढी खरी गोष्ट आहे, म्हणूनच सांगते. तुम्हाला समजेल, तुम्ही काय केलंत. दहा मिनिटं हात चालवला असता तर मी आज पुण्यात असते.

इथे माझ्या आवाजाला एकच काम आहे. मंडप उभा राहिला की मला माइकपुढे उभं करतात. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन." सासरे कौतुकाने म्हणतात, "सूनबाईचा आवाज लई खणखणीत हाय, शेवटच्या खांबापतोर जातोय." ही माणसं वाईट नाहीत मामा, कुणीच वाईट नाहीत. एकदा भांडी घासताना गुणगुणले तर सासूबाई म्हणाल्या, "म्हण की, थांबलीस का?" मला पुढचं आठवेना. वर्षभरात ते गेलं. आता मन लावून बसले तरी गळा खर्जात उतरत नाही, मी करून पाहिलंय.

माझा जो आवाज होता तो आता फक्त तुमच्याकडच्या कॅसेटवर आहे. तो नीट ऐका आणि मग माझ्या डोळ्याला डोळा भिडवून दाखवा. मला तुमची माफी नको. तुम्हाला झोप लागू नये, एवढंच मला हवंय.

अवंतिका


शाहूपुरी, कोल्हापूर
११ ऑगस्ट १९९८

चि. सौ. अवंतिकास आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. सासरी जाऊन जीभ चांगलीच चालायला लागली. पण एवढी शाई फुकट घालवलीस, कारण तू मला जे शिकवायला निघाली आहेस ते माझं केव्हाच करून झालंय.

तुला काय वाटलं, इतकी वर्षं विजेच्या खात्यात काढलेला माणूस शंका आल्यावर तपासल्याशिवाय राहील? तुझ्या मास्तरचं म्हणणं खोडून काढणारं पत्र मी पेटीत टाकून आलो, आणि त्याच संध्याकाळी डाव्या स्पीकरच्या वायरी सोडवून उलट्या लावून पाहिल्या. वायरीवरची रेघ, तांब्याचे केस, सगळं मला माहीत आहे. राजसचं पुस्तकही उघडलं, चित्र काढून दाखवलंय त्यात. सिस्टिम गेल्या वर्षीच्या संक्रांतीपासून बिनचूक लागलेली आहे. तेव्हा माझ्या जोडणीबद्दल पुन्हा कुणाकडे काही बोलू नकोस. गावात माझी काही किंमत आहे.

त्याच संध्याकाळी तुझी कॅसेटही ऐकली. होता आवाज. खोटं कशाला बोलू, मंडळात इतकी वर्षं बसतोय, तसा खर्ज बाईच्या गळ्यात मी ऐकला नव्हता. मामी पदर डोळ्याला लावून बसली. म्हणाली, "अवो, पत्र टाका की पोरीला, अजून पंधरा दिवस हायत." पण मी तुझ्या बाबांना नाही म्हणून सांगितलं होतं, तुला नाही म्हणून लिहिलं होतं, मंडळातल्या दोघाचौघांपाशी बोलून चुकलो होतो. आता काय लिहू? की माझ्या वायरी उलट्या होत्या? विजेच्या खात्यातल्या माणसाच्या? माणसाला आपल्या शब्दाला धरून राहावं लागतं. आणि तुझं काही वाईट झालं का? नवरा चांगला, सासू 'गाणं म्हण' म्हणते, आणखी काय हवं असतं?

झोपेचं म्हणशील तर मला चांगली लागते. रात्री जेवण झालं की थोडा वेळ तुलाच ऐकतो. पाहुणे आले की आवर्जून लावतो, या स्पीकरांवर तुझ्याइतकं कुणीच चांगलं वाजत नाही. लोक विचारतात, कोण ही? मी सांगतो, आमच्या ओळखीत होती एक मुलगी, गात असे.

राजसचा साखरपुडा दिवाळीनंतर ठरलाय, मोठ्या हॉलमध्ये. तिथे लाऊडस्पीकर लागेल, तो तुमच्याकडचाच घेऊ, घरचं घर. मात्र जोडायला माणसं पाठवू नकोस, ती धसमुसळी असतात. तू स्वतःच ये. तुला आता चांगलं जोडता येतं.

दादामामा